रिकामी जमीन कोण राखते? महालक्ष्मी रेसकोर्सच्या निमित्ताने

महालक्ष्मी रेसकोर्सचे काय करावे, हा वाद मुंबईत २०१३ पासून चालू आहे आणि तेव्हापासून तो दोनच सुरांत आळवला जातो. शहराच्या ऐन मध्यावरची सुमारे २११ एकर जमीन मूठभर श्रीमंतांच्या जुगारासाठी अडवून ठेवणे हा सामान्य मुंबईकरावर अन्याय आहे, तिथे सर्वांसाठी उद्यान व्हावे, असे एक पक्ष म्हणतो. हा शहराचा वारसा आहे, त्याला धक्का लावणे म्हणजे इतिहासाची मोडतोड करणे, असे दुसरा पक्ष सांगतो. दोन्ही पक्ष तावातावाने भांडतात ते त्या जमिनीवर कोणी यावे यासाठी. जमीन उघडी राहील की बांधली जाईल, आणि उघडी राहणार असेल तर ती कशाच्या जोरावर, याविषयी दोन्हीकडे आश्चर्यकारक शांतता आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. महालक्ष्मीचे मैदान आजवर मोकळे राहिले ते वारशाच्या प्रेमामुळे नाही, आणि महापालिकेच्या दूरदृष्टीमुळे तर मुळीच नाही. तिथे जो खेळ चालतो त्याला मोकळी जागाच लागते, म्हणून ते मोकळे राहिले. तेवढा भक्कम दुसरा अडसर कायद्याने उभा केल्याशिवाय हा अडसर काढू नये. आणि शर्यती चालवणाऱ्या ज्या क्लबला ही जमीन इतकी वर्षे लाभली त्याने आजच्यापेक्षा कितीतरी अधिक दारे लोकांसाठी उघडावीत. ही दोन्ही विधाने एकाच वेळी करता येतात, हेच या वादात कोणी मानायला तयार नाही.

मुंबईत घोड्यांच्या शर्यती महालक्ष्मीला सुरू झाल्या नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून त्या भायखळ्याला होत. त्याआधी महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडीतून भरतीचे पाणी आत घुसत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्डचा बांध पडला आणि त्यामागची दलदल हळूहळू कोरडी होत गेली. याच सखल पट्ट्यात १८८३ साली नवे रेसकोर्स उभे राहिले. त्याची आखणी मेलबर्नच्या कॉलफील्ड रेसकोर्सच्या धर्तीवर झाल्याचे सांगितले जाते. शर्यतींचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचे नाव १९२५ मध्ये वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब झाले आणि १९३५ मध्ये त्यामागे ‘रॉयल’ ही उपाधी लागली. १९४३ मध्ये इथे इंडियन डर्बी ही प्रतिष्ठेची शर्यत पहिल्यांदा धावली. ती जिंकली बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने. हा सगळा इतिहास रंजक आहे, पण त्यातली या वादाला उपयोगी पडणारी गोष्ट भायखळ्याची आहे आणि नेमकी तीच कोणी सांगत नाही. शर्यती तिथून उठल्या आणि ते मैदानही उठले. आज भायखळ्यात फिरणाऱ्या माणसाला इथे कधी काळी घोडे धावत होते असे सांगितले तर तो आपल्याकडे संशयानेच पाहील. महालक्ष्मीचे मैदान मात्र १४० वर्षांनंतरही जागेवर आहे. दोन्ही जागा एकाच शहरातल्या, त्याच बाजारभावाच्या तावडीतल्या. मग फरक कशाने पडला?

फरक खेळाच्या भूमितीने पडला. ताशी साठ किलोमीटरच्या आसपास धावणारा, साडेचारशे-पाचशे किलोचा घोडा काटकोनात वळू शकत नाही. त्याला लांब सरळ पट्टा लागतो आणि रुंद, सावकाश वळणे लागतात. डर्बीचे अंतर २४०० मीटर. या लंबगोलाचा कोपरा कापून तिथे इमारत उभी करता येत नाही, कारण कोपरा कापला की ट्रॅकच उरत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, शर्यत स्टँडमध्ये बसून पाहायची असते. घोडे पलीकडच्या बाजूला असतात तेव्हा दुर्बिणीतूनसुद्धा जॉकींच्या रंगीत सदऱ्यांचे ठिपकेच दिसतात, आणि खरा जाणकार त्या ठिपक्यांवरूनच ओळखतो की कोणता जॉकी लगाम आवरून घोड्याला दम राखायला लावतो आहे आणि कोणाचा घोडा आताच संपत आला आहे. हे दिसण्यासाठी मधले सगळे मैदान नजरेला मोकळे असावे लागते. उंच इमारत सोडाच, तिथे गर्द झाडांची रांगही चालत नाही. ज्या शहरात दोन इमारतींमधली फटसुद्धा भाड्याने जाते, तिथे इतक्या एकरांच्या मध्यावर काहीही उभे राहू न देण्यात ज्याचा रोकडा स्वार्थ आहे असा दुसरा भाडेकरू कोणता? वारसाप्रेमींचे निवेदन सरकारी टेबलावर पडून राहू शकते. स्टँडमधून दिसेनासे झालेले मैदान मात्र क्लबला दुसऱ्याच रविवारी नडते.

आता विरोधी बाजूचे म्हणणे, आणि त्यातले जे सबळ आहे ते आडपडदा न ठेवता मान्य केले पाहिजे. रेसकोर्स हा वर्गभेदाचा नकाशाच आहे. सभासदांचा स्टँड वेगळा, फर्स्ट एन्क्लोजर वेगळे, सेकंड एन्क्लोजर वेगळे. कोणी कुठे उभे राहायचे हे तिकिटाने आणि कपड्यांनी ठरते. गिरणीतली पाळी संपवून घोड्यांची माहिती देणारे ‘कोल’चे पुस्तक चाळत सेकंड एन्क्लोजरला उभा राहणारा कामगार आणि घोड्याचा मालक एकाच शर्यतीसाठी ओरडत असले तरी दोघांमधले कुंपण कधी हलले नाही. जमिनीचा जुना भाडेपट्टा ३१ मे २०१३ रोजी संपला आणि त्यानंतर दशकभराहून अधिक काळ क्लब नव्या पट्ट्याविना तिथे राहिला. फेरीवाल्याला एका दुपारचीही मुदत न देणाऱ्या शहरात ही सवलत कोणाला मिळते, असे कोणी विचारले तर त्याला सरळ उत्तर नाही. याच आवारात महागडी उपाहारगृहे चालली आणि तिकीट लावून संगीत महोत्सवही झाले. सकाळ-संध्याकाळ फिरायला येणाऱ्यांना आत मुभा असते ही चांगली गोष्ट आहे. पण मुभा ही यजमानाची मेहरबानी असते आणि मेहरबानी कधीही आवरती घेता येते.

हे सगळे खरे धरूनही त्यावरून निष्कर्ष काय निघतो? भाडे बाजारभावाच्या जवळ आणा, पट्ट्याच्या अटी कडक करा, दारे उघडा, हा निघतो. आजवरच्या भाडेकरूने जमीन चुकीच्या अटींवर वापरली, एवढ्यावरून ती दुसऱ्या कोणाच्या हाती अटींविनाच द्यावी असे निघत नाही. आपल्याकडे मात्र पहिला निष्कर्ष बोलून दाखवायचा आणि दुसरा अंमलात आणायचा, अशी चाल पडून गेली आहे.

जुगाराचा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण त्यामागे मोडलेले संसार आहेत. घोड्यांच्या नादाने दागिने गहाण पडलेले घर जुन्या मुंबईत ज्याच्या ओळखीत नाही असा माणूस विरळा. सर्वोच्च न्यायालयाने के. आर. लक्ष्मणन प्रकरणात १९९६ मध्ये निकाल दिला की, घोड्यांच्या शर्यतीत कौशल्याचा भाग प्रधान आहे, सबब तो निव्वळ नशिबाचा खेळ नव्हे. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न तिथे मिटला. वंशावळ, वजन, अंतर, जमिनीचा ओलसरपणा आणि जॉकी यांचा हिशेब मांडून घोडा निवडणाऱ्या माणसापुरते ते खरेही आहे. पण जॅकपॉट आणि टनाला या पैजांच्या खिडकीपुढे उभ्या असलेल्या रांगेतले कितीजण असा हिशेब मांडतात, हे न्यायालयाला दिसणे शक्य नव्हते. म्हणून मी या निकालाची ढाल पुढे करणार नाही. मी वेगळाच प्रश्न विचारतो: मैदान काढून घेतल्याने सट्टा थांबतो काय? मटक्याला एक चौरस फूट हिरवळ कधी लागली नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर सुरू झालेला आणि पुढे मडक्यातून चिठ्ठ्या काढण्यापर्यंत आलेला तो धंदा पानाच्या टपरीवरून आणि चाळीच्या जिन्याखालून निम्म्या महाराष्ट्रात पसरला. आज तर पैजेला खिशातला फोन पुरतो. १९६९ पासून स्वतःची लॉटरी चालवणाऱ्या राज्याने नैतिकतेच्या कारणाने रेसकोर्स बंद करावे, यातली गंमत वाचकांना सांगायला नको. पैज लावणाऱ्या मनाचा बंदोबस्त करायचा असेल तर त्याचे मार्ग वेगळे आहेत. त्यात जमिनीचा आकार बदलणे हा मार्ग बसत नाही.

घोड्यांच्या हालांचा मुद्दा मी सर्वांत वजनदार मानतो आणि त्याला माझ्याकडे खंडन नाही. चाबूक, लहान वयात हाडांवर येणारा ताण, पाय मोडलेल्या घोड्याला तिथल्या तिथे देण्यात येणारे मरण या गोष्टी खेळाच्या आत आहेत, बाहेरून चिकटलेल्या नाहीत. उद्या समाजाने ठरवले की या कारणासाठी शर्यती नकोत, तर मी त्या निर्णयाशी वाद घालणार नाही. तबेल्यात पहाटेपासून खपणारे सईस आणि नालबंद, पुण्याच्या आसपासचे घोड्यांच्या पैदाशीचे स्टड फार्म आणि तिथली कामाची माणसे यांचे काय, हा प्रश्न तेव्हा सोडवावा लागेल, पण तो सोडवता येईल. एवढे लक्षात असू द्यावे की, आजच्या वादात घोड्यांची कणव फारशी कोणाच्या तोंडी नाही. तिथे बोलले जाते ते एकर, चौरस फूट आणि ‘जागतिक दर्जा’ यांच्याविषयी.

आणि एकरांची भाषा आली की गिरण्यांची आठवण येणारच. रेसकोर्सच्या पूर्वेला नजर टाकली तर क्षितिजावर जे मनोरे दिसतात ते गिरणगावाच्या जमिनीवर उभे आहेत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत एक साधी वाटणी लिहिली होती: गिरणीची जमीन विकासाला काढायची तर साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. ही वाटणी तशीच पाळली गेली असती तर परळ-लोअर परळच्या दाटीत आज शहराला श्वास घेण्यापुरती सलग मैदाने असती. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीला लागू धरली गेली. ज्या जमिनीवर शेड उभी होती आणि जी पाडल्यावर रिकामी होणार होती, ती हिशेबाबाहेर गेली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ही दुरुस्ती मोकळ्या जागांच्या बाजूने वाचली, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकांच्या बाजूने निकाल दिला. शहराच्या वाट्याची मैदाने एका पोटकलमाने हिरावली गेली. त्यासाठी कोणाला बुलडोझर लावावा लागला नाही आणि कोणाला मोर्चा अडवावा लागला नाही. त्या नियमाच्या मूळ मसुद्यातही ‘सार्वजनिक मोकळी जागा’ हेच शब्द होते. आज महालक्ष्मीबाबत तेच शब्द पुन्हा ऐकताना मुंबईकराने टाळ्या वाजवाव्यात की आधी पोटकलमे वाचावीत?

प्रत्यक्ष ठरले काय ते पाहू. २०२४ मध्ये राज्य सरकारने मान्य केलेल्या योजनेनुसार ९१ एकर जमीन २०५३ पर्यंतच्या पट्ट्याने क्लबकडे राहते आणि १२० एकर महापालिकेकडे येते. या १२० एकरांना किनारी रस्त्यासाठी भराव घालून मिळालेल्या मोकळ्या जागेतले सुमारे १७५ एकर भुयारी मार्गाने जोडून जवळजवळ तीनशे एकरांचे ‘सेंट्रल पार्क’ करण्याचा बेत आहे. बेत आकर्षक आहे, हे मी मोकळेपणाने म्हणतो. केंद्राच्या नगररचना मार्गदर्शिकेत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. मुंबईत ती दीड चौरस मीटरही भरत नाही. अशा शहरात १२० एकर लोकांना खुले होणार असतील तर त्याला विरोध करणारा माणूस एक तर क्लबचा सभासद असला पाहिजे किंवा तिरसट. माझा विरोध उद्यानाला नाहीच. उद्यानाखाली काय होणार आहे, त्याला आहे.

कारण त्याच बेतात भूमिगत क्रीडा संकुल आणि भूमिगत वाहनतळ आहेत. वर हिरवळ, खाली संकुल, मग अडचण कुठे आहे, असे विचारले जाते. अडचण पाहायची असेल तर दिल्लीला कनॉट प्लेसला जावे. तिथे बागेच्या भागाखाली सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पालिका बाजार बांधला गेला. वरची हिरवळ कायम आहे, पण ती एका छतावरची हिरवळ आहे. अधूनमधून जिने आहेत, हवेची धुरांडी आहेत आणि खालच्या बाजाराच्या गरजा वरच्या बागेचा आकार ठरवतात. काँक्रीटच्या स्लॅबवर टाकलेल्या मातीत गवत आणि झुडपे जगतात. वड-पिंपळाची मुळे तिथे खोल जाऊ शकत नाहीत. महालक्ष्मीला तर आणखी एक कारण आहे. ही जमीन मुळात समुद्राच्या बांधामागची दलदल आहे. आजही या भागातले पावसाचे पाणी समुद्रात ढकलायला हाजी अली आणि लव्हग्रोव्हचे पंप लागतात. पाणी पिणारी जी थोडी उघडी माती या सखल पट्ट्यात उरली आहे, तिच्याखाली पेटी बसवायची आणि मग पाणी का तुंबते याचा अभ्यास करायला समिती नेमायची, हा क्रम आपल्याला नवा नाही. शिवाय भुयारी बांधकामाला उतार लागतात, उतारांना रस्ते लागतात, रस्त्यांना गाड्या लागतात; आणि गाड्यांची सोय झाली की ते उद्यान पायी येणाऱ्याचे राहत नाही.

यावर एक चोख प्रतिप्रश्न येऊ शकतो: शर्यतींचा खेळच मरणपंथाला लागला असेल तर त्याच्या भरवशावर जमीन राखायची कशी? प्रश्न रास्त आहे. ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्क्यांवर गेला. कर चुकवणाऱ्या बेकायदा बुकीला याहून मोठी देणगी कोणी दिली नसती. सिंगापूरमध्ये १८४२ पासून चालत आलेली शर्यतींची परंपरा ५ ऑक्टोबर २०२४ च्या अखेरच्या शर्यतीने संपली आणि तिथल्या क्रांजी रेसकोर्सची सुमारे १२० हेक्टर जमीन घरांसाठी व इतर कामांसाठी सरकारकडे परत जाते आहे. मकावमध्ये त्याच वर्षी शर्यती थांबल्या. चेन्नईत गिंडीच्या सुमारे १६० एकरांच्या रेसकोर्सचा पट्टा तमिळनाडू सरकारने २०२४ मध्ये थकलेल्या भाड्याच्या कारणाने रद्द केला. म्हणजे राखणदार म्हातारा झाला आहे, हे मला मान्य आहे. पण राखणदार म्हातारा झाला म्हणून घराचे दार काढून ठेवत नाहीत, कुलूप बदलतात. जे संरक्षण आज खेळाच्या गरजेतून अनायासे मिळते, ते उद्या जमिनीलाच चिकटलेल्या कायद्याने मिळाले पाहिजे, म्हणजे क्लब राहो अगर जावो, मैदान उघडेच राहील.

असे कायदे जगात आहेत, आणि शर्यती चालू असतानाच आहेत. इंग्लंडमध्ये एप्सम डाउन्सवर १७८० पासून डर्बी धावते. त्याच माळरानावर लोकांना पायी हिंडण्याचा हक्क १९८४ च्या स्वतंत्र अधिनियमाने दिला आहे, तिथे तो क्लबच्या मर्जीवर सोडलेला नाही. हाँगकाँगचे हॅपी व्हॅली रेसकोर्सही महालक्ष्मीसारखेच दलदल बुजवून झाले. तिथे पहिली शर्यत १८४६ ची. ट्रॅकच्या पोटातली जागा फुटबॉल, हॉकी आणि रग्बीची सार्वजनिक मैदाने म्हणून वापरली जाते, आणि भोवती गगनचुंबी इमारतींची दाटी असूनही तो मधला भाग उघडाच आहे. सर्वांत बोधप्रद उदाहरण खुद्द कॉलफील्डचे. ती सरकारी जमीन रेसकोर्स, सार्वजनिक क्रीडांगण आणि सार्वजनिक उद्यान अशा तीन हेतूंसाठी राखलेली असताना प्रत्यक्षात शर्यतींचाच वरचष्मा राहिला, असे व्हिक्टोरिया राज्याच्या महालेखापरीक्षकांनी २०१४ मध्ये स्पष्ट लिहिले. त्यानंतर २०१७ मध्ये तिथे नवा कायदा झाला आणि जमिनीचा कारभार नव्या विश्वस्त मंडळाकडे गेला. ज्याचा आराखडा आपण उचलला असे सांगतो, त्याच्या चुकीची दुरुस्तीही उचलायला कोणाची हरकत आहे?

याबाबत क्लबच्या कैवाऱ्यांनाही सुनावले पाहिजे. वारसा म्हणून मिरवायचे आणि वारशाचे मालक मात्र सभासदांच्या यादीत शोधायचे, हे आता चालणार नाही. ९१ एकर २०५३ पर्यंत मिळत असतील तर त्यांचे भाडे जाहीर असावे आणि शर्यतीशी संबंध नसलेल्या व्यवसायांच्या उत्पन्नातला वाटा शहराला मिळावा. बिनशर्यतीच्या दिवशी ट्रॅकच्या आतल्या भागात येण्याचा हक्क करारात लिहिलेला असावा. आजची सवलत तशीच चालू ठेवल्याने भागणार नाही. सेकंड एन्क्लोजरच्या माणसाने या खेळाला शंभर वर्षे पोसले आहे. त्याच्या नातवाला तिथे चेंडू घेऊन जाता आले पाहिजे.

किनारी रस्त्याच्या भरावावर निवासी किंवा व्यापारी बांधकाम करायचे नाही, अशी अट सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये घातली. भरावाच्या जमिनीला जी अट न्यायालयाने लावली, तीच शेजारच्या अस्सल जमिनीला विधिमंडळाने आपण होऊन लावायला काय हरकत आहे? सगळ्या २११ एकरांसाठी एकच छोटा अधिनियम पुरेल: जमिनीच्या वर नाही आणि खालीही नाही, नवे बांधकाम नाही, तबेल्यांसारख्या आहे त्या वास्तूंची पुनर्बांधणी आजच्या क्षेत्रफळाच्या आत, आणि यात बदल करायचा तर शासन निर्णयाने किंवा विकास नियमातल्या दुरुस्तीने न करता विधिमंडळात उघड मतदान घेऊन. तोवर महापालिकेने निदान क्लबबरोबरच्या कराराची संपूर्ण प्रत, आणि उतार, प्रवेशद्वारे व हवेची धुरांडी नेमकी कुठे येणार हे दाखवणारा भूमिगत संकुलाचा नकाशा, पहिला खड्डा खणण्यापूर्वी मराठीत प्रसिद्ध करावा आणि त्यावर हरकती मागवाव्यात.